मुलगा चांगलाच होता, तरी घर चतकोर उरलं

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली. 'राहतं घर हयातीत मुलांच्या नावावर करू नका' या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंय की असले लेख आईबापांच्या मनात पोटच्या पोरांविषयी विष कालवतात. तुमच्या वडिलांनी चार वर्षांपूर्वी दादरचा फ्लॅट बक्षीसपत्राने तुमच्या नावे केला. आई आता नाही, वडील तुमच्याकडेच असतात आणि तुम्ही त्यांना काही कमी पडू देत नाही. शिवाय ज्येष्ठांसाठी 2007 चा कायदा असताना मी उगाच भीती घालते, असंही तुमचं म्हणणं.

आधी माझी चूक. 'एकदा नोंदणी झाली की बक्षीसपत्र मागे घेता येत नाही' असं मी सरसकट लिहिलं होतं. त्या कायद्याच्या कलम 23 प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्द ठरवू शकतं. लेखात दुरुस्ती केली आहे. पण सगळं अडतं ते त्या अटीवर. अशी अट होती हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलं. जानेवारी 2025 च्या निकालात न्यायालयाने आईच्या बाजूने उदारपणे पाहिलं, पण तिच्या हातात मुलाने लिहून दिलेलं वचनपत्र होतं. आपल्याकडची बक्षीसपत्रं काढून बघा. 'प्रेमापोटी, स्वखुशीने, कोणत्याही मोबदल्याविना' एवढंच असतं. सांभाळाचं एक वाक्य घालायला कुणाला सुचत नाही, कारण ते विचारणंच वाईट दिसतं.

आता विश्वासाचं. माझी मुलुंडची मावशी. काका गेल्यावर फ्लॅट तिच्या एकटीच्या नावावर झाला. तिने तो मुलाला बक्षीस दिला. कुणी जबरदस्ती केली नाही. मुलाला राहतं घर द्यायचं तर मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपयांचंच, मग मागे भानगड कशाला ठेवायची, असा साधा हिशेब. आणि माझा मावसभाऊ खरंच गुणाचा. तिच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत तोच भरायचा.

तीन वर्षांनी तो गेला. हार्ट अटॅक, वय 51. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पहिल्या वर्गातले वारस चार निघाले: बायको, दोन मुलं आणि आई. चौघांना सारखा हिस्सा. ज्या घराची ती पूर्ण मालकीण होती, त्यातलं चतकोर तिच्याकडे परत आलं. वहिनीला मुलांच्या शिक्षणासाठी घर विकायचंय, त्यात तिचं काहीही चुकत नाही. कलम 23 इथे उपयोगाचं नाही, कारण सांभाळायला नाही कुणी म्हटलेलंच नाही.

सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट मावशी साडीच्या पिशवीत ठेवते. पुढच्या बाजूला काकांचं नाव, मागे हस्तांतराच्या रकान्यात आधी तिचं, मग मुलाचं. गेल्या महिन्यात तिने ते माझ्यासमोर उघडलं, मुलाच्या नावावर बोट ठेवलं आणि विचारलं, "आता याच्याखाली कुणाचं गं लिहायचं?"

म्हणून लेखातला सल्ला मी मागे घेत नाही. घर आपल्या नावावर ठेवावं आणि मृत्युपत्र करावं. ते कितीही वेळा बदलता येतं, शेवटचं ग्राह्य धरतात. मुलावर विश्वास असेल तर मृत्युपत्रातही त्यालाच द्या ना, कोण अडवतंय?

तुमच्याकडे मात्र घर आधीच तुमच्या नावावर झालंय, म्हणून हे मुद्दाम लिहिते. तुम्हाला उदंड आयुष्य मिळो. पण पहिल्या वर्गाच्या वारसांत आई असते, वडील नसतात. मावशीला चतकोर तरी मिळालं. तुम्ही मृत्युपत्र न करता गेलात, तर बायकोमुलं असताना तुमच्या वडिलांना त्यांनीच दिलेल्या घरात काहीच हिस्सा मिळणार नाही. सोसायटीत त्यांचं नॉमिनेशन करून भागत नाही. नॉमिनी खऱ्या वारसांची नोंद होईपर्यंत तात्पुरता सभासद असतो, मालक नाही.

तेव्हा मृत्युपत्र तुम्ही करा. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, केलेली बरी. घर बायकोमुलांना द्या, पण वडिलांना हयातभर त्याच घरात राहण्याचा हक्क राहील आणि तोवर घर विकलं जाणार नाही, हे स्पष्ट लिहा. वकिलाकडून एकदा वाचून घ्या. सही दोन साक्षीदारांसमोर करा, त्यांनीही तुमच्यासमोर सह्या करायच्या. ज्यांना घर मिळणार आहे त्यांना साक्षीला घेऊ नका. शेजारचे दोघं चालतील, फक्त तुमच्याहून वयाने लहान बघा.