लॅपटॉपलाही कल्हई लागते

बाबांचा लॅपटॉप २०१५ सालचा. सोसायटीचे हिशेब, लग्नाकार्यांचे फोटो आणि त्यांचं मराठी टायपिंग, एवढाच त्याचा संसार. मागच्या दिवाळीच्या तोंडावर ते तो नाशकातल्या एमजी रोडच्या एका दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने झाकणही न उघडता सांगितलं, "काका, भंगार झालंय हे. नवीन घ्या." बाबा घरी आले ते तोंड पाडूनच.

त्याच आठवड्यात आईने फराळाआधी आजीचं पितळी पातेलं कल्हईला काढलं. मी ते घेऊन सराफ बाजाराजवळच्या भांडी बाजारात गेले. कल्हईवाल्या चाचांनी भाता मारून कोळसे फुलवले, पातेलं सांडशीत धरून तापवलं, चिमूटभर नवसागर टाकला. पांढरा धूर, नाकात झणका. मग कथलाची कांडी टेकवली आणि कापसाचा बोळा गरकन फिरवला. काळपट तळ डोळ्यांदेखत चांदीसारखा झाला. पाण्यात बुडवल्यावर चर्र आवाज आला आणि चाचा म्हणाले, "ताई, जाड पातेलं आहे. तुमच्या लेकीलाही पुरेल." मला तिथेच बाबांचा लॅपटॉप आठवला.

तेव्हापासून ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, म्हटलं की मला स्वयंपाकघरच दिसतं.

विंडोज म्हणजे प्रेशर कुकर. घरोघरी आहे, आहेरात येतो, कोणाला शिकवावा लागत नाही. हिशेबाचं टॅली असो, प्रिंटर असो, सगळं त्याला बसतं. पण कुकरचा सगळा भरवसा त्याच्या रिंगवर, आणि सिक्युरिटी अपडेट म्हणजे ती रिंग. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची रिंग यायची बंद झाली. नोंदणी केली तर थोडी जादा मुदत मिळते. भात अजूनही शिजतो, पण जुन्या रिंगवर बँकेचे व्यवहार करायला माझं मन धजत नाही. विंडोज ११ चा कुकर चांगला आहे, फक्त त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. बाबांचा पाचव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर त्या यादीत नाही.

मॅक म्हणजे इंडक्शन शेगडी. ज्योत नाही, काजळी नाही, एकदा पुसली की लख्ख. पण भांडं तिच्या पसंतीचंच हवं. आजीचं पितळी पातेलं वर ठेवलं तर तापतच नाही! मॅकओएसही ॲपलच्या स्वतःच्या मशिनसाठीच बनते. व्हिडिओ एडिटिंग रोजचं असेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर जरूर घ्या.

आणि लिनक्स म्हणजे कल्हई. १९९१ मध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स या पोराने त्याचं कर्नल, म्हणजे गाभा, लिहायला घेतलं, पुढे जगभरातल्या लोकांनी त्यात भर घातली. एका कंपनीची मालकी नाही, त्यामुळे एकाने दुकान बंद केलं तरी दुसरा तांबट आहेच. उबुंटू, फेडोरा, मिंट ही लिनक्सच्याच प्रकारांची नावं ऐकून गोंधळू नका. आपल्या नाशकात मिसळीची किती ठिकाणं आहेत? मटकी तीच, रस्सा ज्याच्या त्याच्या हातचा. आणि भीती वाटत असेल तर खिशातला अँड्रॉइड फोन काढून बघा, त्याच्या तळाशीही लिनक्सच आहे.

मी बाबांच्या सगळ्या फाइली आधी बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवल्या. लॅपटॉपमधली जुनी डिस्क काढून एसएसडी ही वेगवान डिस्क बसवून घेतली, चार जीबी रॅम वाढवली. मग लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून चालू केलं. इथे मला त्याचं फार कौतुक वाटलं: काहीही न पुसता, पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं. वायफाय, आवाज, प्रिंटर सगळं लागतंय याची खात्री झाली तेव्हाच इन्स्टॉल केलं. मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमध्येच होता. एक्सेलच्या हिशेबाच्या फाइली लिबरऑफिस या ऑफिस सॉफ्टवेअरने उघडल्या. दोन शीटमधले रकाने थोडे सरकले होते, ते बाबांनी स्वतः नीट केले. चालू व्हायला आधी इतका वेळ लागायचा की ते बटण दाबून चहा ठेवायला जायचे. आता चहाचं आधण ठेवायच्या आत स्क्रीन समोर येतो.

सगळ्यांनी मात्र हे करू नका. ज्यांचं पोट टॅलीवर, फोटोशॉपवर किंवा डीटीपीच्या जुन्या मराठी फॉन्टवर आहे, त्यांनी विंडोजच ठेवावं. आंबट आमटीला कल्हईचं भांडं लागतं, पण कुकरचं काम कुकरनेच करायचं. पण ज्यांच्या माळ्यावर चांगला चालता लॅपटॉप केवळ "जुना" म्हणून पडलाय, त्यांनी तो भंगारात देऊ नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. शाळेतल्या पोरांना एक मशीन मिळत नाही आणि आपण किलोवर विकतो, हे मला बघवत नाही.

रविवारी सकाळी मी घरीच असते. ओळखीच्यांनी लॅपटॉप, चार्जर आणि आठ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घेऊन यावं. फाइली तेवढ्या आधी दुसरीकडे उतरवून ठेवा. मिसळ मी मागवते.