‘वर्कशॉपवाल्या’ला आलेल्या कॉमेंटबद्दल

मागच्या पोस्टमध्ये सोसायटीच्या गच्चीवर १२ मीटरची शेड करायची तर फिंक ट्रस (ट्रस म्हणजे पत्र्याचं छप्पर पेलणारी लोखंडी कैची, फिंक हा तिचा एक प्रकार) घ्या असं मी लिहिलं होतं. त्यावर एका वाचकाची कॉमेंट आलीय: “वर्कशॉपवाल्याचा अनुभव म्हणून ठीक, पण सरसकट फिंक सांगणं हा बेजबाबदारपणा आहे, वाऱ्याच्या उचलीवर एक ओळ नाही. हाव आणि प्रॅटच्या फोटोखालची नावं उलटी आहेत. पर्लिनचं अंतर नाही, गंजाबद्दल काही नाही.” (हाव आणि प्रॅट हे ट्रसचे आणखी दोन प्रकार, आणि पर्लिन म्हणजे ट्रसवरून आडवी जाणारी, पत्रा जिच्यावर बसतो ती दांडी.)

नावं उलटी पडली होती हे खरंय, काल रात्रीच दुरुस्त केली. पत्र्याच्या वजनाखाली प्रॅटचे तिरपे अँगल (एल आकाराच्या लोखंडी पट्ट्या) ताणात असतात, हावचे दाबात. चूक ती चूक, धन्यवाद.

पण ‘वर्कशॉपवाला’ म्हणजे काय हो? साकीनाक्याला २६ वर्षं कैच्या बनवतोय मी, आणि इंजिनीअरची सही असल्याशिवाय एक अँगल कापायला घेत नाही. आमचे वडील परळला गिरणीत मेंटेनन्सला होते, नॉर्थ लाइटच्या छपरावर चढून काचा बदलायचे. काच उत्तरेलाच का, तर थेट ऊन मागावर येऊ नये आणि उजेड दिवसभर सारखा मिळावा, हे मला शाळेत असताना त्यांनी बोट दाखवून समजावलंय. तुम्ही किती छपरांवर चढलात ते तुम्ही लिहिलेलं नाही, मीही विचारत नाही.

आता बेजबाबदारपणा. फिंकमध्ये दाबातले तुकडे आखूड राहतात आणि लांब असतात ते ताणात, दाबातला अँगल जितका लांब तितका लवकर वाकतो, म्हणून उतरत्या पत्र्याला फिंक स्वस्तात बसतो. दुसरं म्हणजे दोन अर्ध्या भागांत बनवून दोराने गच्चीवर चढवता येतो, मधला टाय (ट्रसचा खालचा आडवा अँगल) वर नेऊन बोल्टने जोडायचा. आपल्याकडच्या जिन्यातून १२ मीटरचा अखंड ट्रस कोण नेणार आहे?

राहिली उचल. मुंबईला वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात, त्याचा दाब चौरस मीटरला साधारण ११८ किलो होतो, आणि अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा भरतो पाचेक किलो. म्हणजे वारा आत शिरला की छप्पर वर ओढलं जातं आणि ताणातले अँगल दाबात जातात, हे मला माहीत नाही असं तुम्ही कशावरून ठरवलंत? अहो, हे प्रॅटलाही होतं, हावलाही होतं! खालचा टाय तर सगळ्यांचाच दाबात जातो. त्याला रनर, म्हणजे एका ट्रसपासून दुसऱ्या ट्रसपर्यंत आडव्या पट्ट्या, लावून बाजूने धरून ठेवावं लागतं, मग ट्रस कुठलाही असो.

१७ मे २०२१ला तौक्ते येऊन गेलं, दुसऱ्या दिवशी भांडुपच्या एका सोसायटीने बोलावलं. शेड दुसऱ्या कुणीतरी केलेली, ट्रस प्रॅटच होता. खालचा टाय धनुष्यासारखा बाजूला वाकलेला, रनर एकही नाही. एका खांबाची बेस प्लेट चारही बोल्टांसकट उपटून आलेली, मी हातात घेऊन बघितली तर बोल्टांना चायना मोझॅकचे तुकडे आणि विटांचा कोबा चिकटलेला, म्हणजे ते बोल्ट स्लॅबपर्यंत पोचलेच नव्हते, नुसत्या वॉटरप्रूफिंगमध्ये ठोकलेले. खाली मुलं सायकल चालवतात त्या जागेवर पत्रा पडला होता. तेव्हापासून मी कोबा फोडून स्लॅबमध्ये अँकर घेतल्याशिवाय काम करत नाही, त्यावरून दोन ऑर्डर गेल्या, जाऊ देत. ट्रस निवडताना हे सगळं आलंच, पण ते मी दुसऱ्या भागासाठी ठेवलं होतं, आणि पोस्टच्या शेवटी ‘क्रमशः’ लिहिलंय, तेवढं तरी वाचायचं होतं.

पर्लिन ट्रसमधल्या अँगलांच्या जोडावर यावी, दोन जोडांच्या मध्ये नको, अंतर त्यावरून ठरतं. गंजाचा विषय वेगळाय, इथे नको.

दुसरा भाग रविवारी टाकतोय. त्यावरही जरूर लिहा, फक्त हुद्दा काढू नका.