कीबोर्डबद्दल तुमचंच बरोबर आहे

नमस्कार सर,

गेल्या शनिवारी नागपुरात धरमपेठेत आमच्या गच्चीवर झालेल्या, ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांच्या 'एटीज नाइट'ला तुम्ही एक स्टार दिला. कीबोर्ड लग्नातल्या ऑर्केस्ट्रासारखा वाजला, 'टेक ऑन मी' खाली उतरवून गायलं, 'रासपुतीन' झालंच नाही आणि ४९९ रुपये घेऊन दहाच्या ठोक्याला गाशा गुंडाळला, असं तुम्ही लिहिलं. पनीर टिक्का गार होता, हेही. टिक्क्याचं कबूल, त्यावर बोलायला तोंड नाही.

कीबोर्डचं सांगतो. तो खरंच लग्नाच्या ऑर्केस्ट्रातला होता! साउंड चेक चालू असताना लाइट गेली, आली, आणि आमच्या वादकाच्या कीबोर्डचा अडॅप्टर जळाला. त्याने महिनाभर बसून त्यात यामाहा डीएक्स-७चे आवाज भरले होते. १९८३ साली आलेलं ते वाद्य. त्या काळच्या कितीतरी संथ गाण्यांत जो काचेसारखा किणकिणता पियानो ऐकू येतो, तो त्याचाच. ते सगळं त्या बंद खोक्यात राहिलं. मग महाल भागातल्या एका ओळखीच्या ऑर्केस्ट्रावाल्याकडून स्कूटरवर दोन पायांत उभा धरून दुसरा आणला. त्यात शहनाई झकास, ढोलक झकास, बाकी देवाचं नाव. हे स्टेजवरून सांगायला पाहिजे होतं. 'राहू दे, कोणाला कळून राहिलंय' असं मीच म्हटलं. तुम्हाला कळलं.

याच भानगडीत सुरुवातीला पन्नास मिनिटं उशीर झाला. दहाला थांबावंच लागतं. उघड्यावर त्यानंतर स्पीकर लावायची परवानगी नाही आणि गच्चीला भिंती नाहीत. पण उशीर आमचा होता आणि शेवटची सहा गाणी तुमची बुडाली.

'टेक ऑन मी'चं मात्र मान्य नाही. मूळ गाणं पांढरी सहा या पट्टीत आहे. धृपद खालून निघतं, पायरी पायरीने चढतं, आणि शेवटी मूळ गायक मॉर्टेन हार्केट फॉल्सेटोत, म्हणजे चोरट्या आवाजात, जिथे पोचतो तिथे रोजचा गळा जात नाही. आमच्या मुलाने एक पट्टी खाली, पांढरी पाच धरली, शहाणपणा केला. रिहर्सलला एकदा मूळ पट्टीत गायला होता, तर खालच्या मजल्यावरचे वकीलसाहेब काय झालं म्हणून धावत वर आले.

राहिलं 'रासपुतीन'. बोनी एम या बँडचं ते गाणं १९७८चं, म्हणून यादीतून मीच काढलं होतं. तेव्हा स्वतःचं फार कौतुक वाटलं. तुमचा रिव्ह्यू वाचला आणि घरातली कॅसेट आठवली. १९८५ साली मोठ्या भावाने मित्राकडे दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून ती भरून आणली होती. 'रासपुतीन'च्या मध्येच त्या मित्राच्या आईची हाक आहे, "जेवायला या रे!" आजही हे गाणं कुठे लागलं की मी त्या हाकेची वाट पाहतो. माझ्याच घरात जे पंच्याऐंशीत आलं, ते मी अठ्ठ्याहत्तरचं म्हणून कापलं. काय म्हणावं?

बुकिंगच्या नंबरवर एक मेसेज टाका, ४९९ रुपये परत करतो. पुढची रात्र महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, बरोबर सातला. 'रासपुतीन' पहिलंच. अडॅप्टर दोन घेतलेत.

'टेक ऑन मी' पांढरी पाचातच होईल.