झाड कुठलं लावायचं, हे पोरांना ठरवू द्या

जुलै आला की शाळांच्या ग्रुपवर वृक्षारोपणाचे फोटो सुरू होतात. ओळीत उभी पोरं, मध्ये पाहुणे आणि एका रोपाला लागलेले सहा हात. माण तालुक्यातल्या द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी बरीच वर्षं शिकवते. असे फोटो मीही पाठवलेत. त्यातली बहुतेक रोपं पुढच्या पाडव्यापर्यंतसुद्धा टिकली नाहीत, हेही मी पाहिलंय.

आमच्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आम्ही पर्जन्यछायेत, ५०० च्या आसपास झाला तरी साल बरं म्हणायचं. इथं रोप लावायला काही लागत नाही, ते मे महिन्यातून पार काढायला लागतं. आणि नेमकी मेमध्ये शाळेला सुट्टी.

तीन वर्षांपूर्वी पाहुण्यांनी आणलेली शोभेची रोपं आम्ही लावत होतो. चौथीतली एक मुलगी बाजूला उभी राहून बघत होती. मेंढपाळाच्या घरची. म्हणाली, "बाई, ही शेरडं ठेवायची न्हाईत. करंज लावा, त्याला शेरडू त्वांड लावत न्हाई." मी ऐकलं आणि सोडून दिलं, कारण कार्यक्रम सुरू होता. दिवाळीच्या आत सगळी रोपं शेरडांनी खाल्ली होती. त्या पोरीला जे ठाऊक होतं ते आम्हा मोठ्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं, आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं. मला ते अजून लागतं.

पुढच्या वर्षी सगळं पोरांवर सोपवलं. शाळेचं मंत्रिमंडळ आमच्याकडे दरवर्षी निवडून येतं, पण तोवर पर्यावरणमंत्र्याचं काम म्हणजे प्रभातफेरीत पुढे राहून घोषणा देणं. त्या वर्षी पोरांनी तीन दिवस वाद घातला. करंज नक्की झाले. चिंच हवी म्हणून एक गट अडून बसला, तीही आली. भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. बारा झाडंच लावली. मला वाटत होतं पन्नास तरी लावावीत. "पाणी कुठनं आणायचं?" असं तिसरीतल्या एकानं विचारलं आणि मी गप्प झाले.

पाणी त्यांनीच शोधलं. दुपारच्या खिचडीनंतर ताटं धुतलेलं पाणी गटारात जायचं. एक दिवस त्यांनी ते बादलीत धरून मोजलं, चार बादल्या भरल्या. मग नळापासून झाडांपर्यंत चर खणला. पहिल्यांदा उतार चुकला, पाणी उलटं वर्गाच्या पायरीशी आलं. मी दुरुस्त करून दिलं नाही. दोन दिवसांनी त्यांचं त्यांनीच जमवलं. परिसर अभ्यासातला उताराचा धडा त्या वर्षी वेगळा शिकवावा लागला नाही.

काही पालक म्हणाले, पोरं शिकायला पाठवतो, खणायला नाही. त्यांचा राग मला समजतो, कारण शाळेत काम कुणाच्या वाट्याला येतं हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. झाडू मुलींच्या हातात, मिरवायला मुलगे. म्हणून आमच्याकडे पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरतात, आणि हा नियमही मुलींनीच मागून घेतला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये याच जिल्ह्यात काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. स्वावलंबी शिक्षण हे तिचं ब्रीद. ते ब्रीद आपण भिंतीवर रंगवतो आणि झाड कुठलं, खड्डा कुठं, फोटो कधी हे सगळं स्वतःकडे ठेवतो. हुकमानं केलेल्या कामाला स्वावलंबन कसं म्हणायचं?

माझ्या शिक्षक मित्रमैत्रिणींना मनापासून सांगते, यंदा रोपं मागवण्याआधी वर्गात विचारा. उत्तर गैरसोयीचं येईल. आमच्या पोरांनी वाढदिवसाला गोळ्यांची पाकिटं बंद करून ओंजळभर शेंगा आणायचं ठरवलं तेव्हा एक पालक दुखावले होते. मी त्यांच्या घरी जाऊन आले, पण ठराव मागे घ्यायला लावला नाही.

बारापैकी नऊ झाडं उभी आहेत. मेच्या पाळ्यांचा कागद गेल्या शनिवारी वर्गात लागला. करंजाची ती मुलगी आता सातवीला दुसऱ्या शाळेत जाईल, तरी पहिला आठवडा तिनं मागून घेतलाय. दुसऱ्या आठवड्यात सोमवारी आणि गुरुवारी माझं नाव आहे.