आधी रिकामी पाटी, मग दोन नारळ

तीन महिन्यांहून जुन्या कंबरदुखीत पडून राहू नका, रोजच्या कामासारख्याच हालचालींचा व्यायाम करा, हे लेखातलं म्हणणं अगदी पटलं. माझी आई हर्णै बंदरावर मासळी विकते. कंबर धरली तेव्हा कुणी पट्टा दिला, कुणी म्हणालं वाकूच नकोस. अहो, न वाकता मासळीची पाटी उचलायची कशी? शेवटी एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी पाठीला काठी लावून घेतली. डोकं, पाठ आणि माकडहाड काठीला टेकलेलं ठेवायचं आणि खुब्यातून वाकायचं. सोबत हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं. मग रिकामी पाटी, पुढे त्यात दोन नारळ, मग चार. बरेच आठवडे लागले. अजून थोडं दुखतं, पण वाकायला ती आता घाबरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या सूचनांतही व्यायाम आहे, आणि कमरेचा पट्टा सरसकट वापरू नये असं म्हटलंय.

एक मात्र लेखात हवं होतं. पायातली ताकद कमी झाली, मांड्यांच्या मधे बधिर वाटलं किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.