५० मीटरवालं घड्याळ डायव्हिंगला चालत नाही

स्कूबा डायव्हिंगवरच्या एका लेखात म्हटलंय, तारकर्लीला डाइव्ह १०-१२ मीटरचीच, मग '५० मीटर' लिहिलेलं घड्याळ पुरे. नाही हो. तो आकडा म्हणजे तेवढ्या खोल जायचा परवाना नव्हे. डायव्हिंगच्या घड्याळांचं आंतरराष्ट्रीय मानक वेगळं आहे, आयएसओ ६४२५. त्यात किमान १०० मीटर लागतात, आणि प्रत्येक घड्याळ लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाखाली तपासावं लागतं. घ्यायचंच तर २०० मीटरचं, डायलवर किंवा मागच्या झाकणावर 'डायव्हर्स' लिहिलेलं घ्या. बाजूची चावी (क्राउन) स्क्रूसारखी फिरवून घट्ट बसणारी हवी. बेझल (डायलभोवतीची, पाण्यात गेलेला वेळ मोजायची कडी) एकाच दिशेने फिरणारी हवी, म्हणजे चुकून धक्का लागला तरी पाण्यात जास्त वेळ गेल्याचं दाखवेल, कमी कधीच नाही. हेलियम व्हॉल्व्हसाठी मात्र जादा पैसे घालू नका, तो खोल समुद्रात दिवसेंदिवस दाबाखाली राहून काम करणाऱ्यांसाठी असतो, आपल्याला त्याचं काही काम नाही.

आम्हा सोलापूरकरांना समुद्र लांब, त्यामुळे घड्याळ वर्षभर कपाटात आणि उन्हाळ्याच्या भट्टीत. पाणी आत येऊ न देणारं रबरी गॅस्केट अशानेच वाळतं. नवी पेठेत सेल बदलायला दिलंत तर आधी विचारा, प्रेशर टेस्ट (दाबाखाली पाणी शिरत नाही ना, याची तपासणी) होईल का? बहुतेक ठिकाणी झाकण दाबून देतात, झालं. तसं असेल तर सर्व्हिस सेंटरला पाठवलेलं बरं, आणि तेही मालवणची गाडी पकडायच्या बऱ्याच आधी.

आता पाण्याखाली खोली आणि वेळ दाखवणारा डाइव्ह कॉम्प्युटर असताना घड्याळ कशाला, असं कुणी म्हणेल. पाण्याखाली कॉम्प्युटर बंद पडला तर किती वेळ झाला ते कुणाला विचारणार? माशांना?