डुसेनबर्ग मंदीने बुडाली म्हणे!

जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये एक मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. दोन जर्मन भावांनी अमेरिकेत डुसेनबर्ग ही मोटार कंपनी काढली, तिच्या 'मॉडेल जे'ने इंडियानापोलिसच्या शर्यती मारल्या, बॉनेटबाहेर आलेले चकचकीत पाइप म्हणजे सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा), इंग्रजीतला 'डूझी' (अफलातून चीज) हा शब्द तिच्यावरूनच पडला आणि १९२९च्या मंदीने कंपनी बुडवली. यातले भाऊ तेवढे खरे.

आधी मंदी. फ्रेड आणि ऑगस्ट डुसेनबर्ग यांची कंपनी १९२४ मध्येच रिसीव्हरच्या (कर्जबाजारी कंपनीवर कोर्टाने नेमलेल्या माणसाच्या) ताब्यात गेली होती, म्हणजे मंदीच्या पाच वर्षे आधी. मॉडेल ए १९२० मध्ये न्यूयॉर्कला दाखवली, बुकिंग घेतले आणि मग फ्रेडने इंजिनच बदलायला घेतले, ओव्हरहेड कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा, सिलिंडरच्या वर बसणारा दांडा) हवा म्हणून. गाडी गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत १९२१ सरत आले. साडेसहा हजार डॉलरच्या आसपासची ही गाडी एकूण साडेसहाशेच्या घरात खपली. भावांना इंजिन कळत होते, विक्री नाही. १९२६ मध्ये मोटार उद्योजक ई. एल. कॉर्डने कंपनी घेतली आणि १ डिसेंबर १९२८ला मॉडेल जे लोकांसमोर आणली. नुसती चासीच (इंजिन-चाकांसह सांगाडा) ८,५०० डॉलरची, बॉडीचे पैसे वेगळे. तरी ऐन मंदीत अशा सुमारे ४८० गाड्या बनल्या. १९३७ मध्ये कॉर्डचा सगळाच डोलारा कोसळला, त्यात डुसेनबर्गही गेली.

शर्यतींचा घोळ याहून मोठा आहे. इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत डुसेनबर्गने १९२४, १९२५ आणि १९२७ मध्ये जिंकली. तिन्ही वेळा मॉडेल जे जन्मालाच आलेली नव्हती! त्या गाड्यांची इंजिने होती २ लिटरची आणि नंतर नियम बदलल्यावर दीड लिटरची. मॉडेल जेचे इंजिन जवळजवळ ६.९ लिटरचे, आठ सिलिंडर ओळीने, सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. आराखडा फ्रेडचा, पण इंजिन बनायचे कॉर्डच्याच लायकमिंग कारखान्यात. बॉडी बाहेरचे कारागीर बांधायचे. इंदूरच्या यशवंतराव होळकरांच्या गाडीची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची, रंग केशरी-काळा.

खरी मिरवण्यासारखी शर्यत मात्र मजकुरात नाहीच. १९२१ मध्ये ल मान्सला झालेली फ्रेंच ग्राँ प्री जिमी मर्फीने डुसेनबर्गमधून जिंकली. रस्ता उखडून दगड उडत होते, शेवटी त्याचा रेडिएटरही फुटला होता. पण चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक होते, ग्लिसरीन-पाण्याच्या मिश्रणावर चालणारे. त्यामुळे वळणावर उशिरा ब्रेक मारून चालायचे. अमेरिकन चालकाने अमेरिकन गाडीतून पुढची ग्राँ प्री जिंकायला १९६७ उजाडले.

आता पाइप, कारण इथे खरेदी करणारेही फसतात. सुपरचार्जर इंजिनाच्या उजव्या अंगाला बसतो, त्याला जागा द्यायची तर एक्झॉस्ट बाहेर काढावा लागतो. म्हणून १९३२च्या एसजेला, म्हणजे सुपरचार्जरवाल्या मॉडेल जेला, ते पाइप आले. पण ते इतके आवडले, की साध्या जेलाही शोभेसाठी मिळू लागले. कारखान्यातून सुपरचार्जरसह निघालेल्या गाड्या सुमारे ३६च. इंजिन नंबर बघूनही उलगडा होत नाही, कारण दोन्हींचा नंबर 'जे'नेच सुरू होतो.

तेव्हा बॉनेट उघडून सुपरचार्जर जागेवर आहे का ते बघावे. तो दिसला तरी तो मूळचा की मागाहून बसवलेला, हा प्रश्न उरतोच. इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर गेले की हा पंखा २०,०००च्या घरात फिरतो आणि सिलिंडरमधला दाब वाढवतो. तो ताण झेलायला एसजेत पोलादी नळीचे कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारे दांडे) घातले होते. साध्या जेचे रॉड ॲल्युमिनियमचे. त्यांच्यावर नुसता सुपरचार्जर चढवला, तर इंजिनाच्या सर्वांत महाग भागाशी खेळ होतो. म्हणून जुनी बिले आणि इंजिन उघडल्याच्या नोंदी मागाव्यात, रॉड कोणते आहेत ते विचारावे.

राहिला 'डूझी'. तो शब्द विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच छापून आलेला सापडतो, आणि डुसेनबर्ग मोटर कंपनी निघाली १९१३ मध्ये.